वरून आलंय

विक्रोळी स्टेशनच्या पूर्वेला संध्याकाळी सातच्या सुमाराला उभं राहिलं की नकाराचे सगळे प्रकार बघायला मिळतात. एक रिक्षावाला नुसती मान हलवतो. दुसरा "कुठे?" विचारतो, ऐकून घेतो आणि काही न बोलता पुढे सरकतो. तिसऱ्याला नेमका तेव्हाच गॅस भरायचा असतो. कन्नमवार नगर म्हणजे जवळचं भाडं, त्याला परवडत नाही, हे आपल्यालाही कळतं. पण पाय दुखत असतात, हातात भाजीची पिशवी असते, आणि ओठांवर शिवी आलेली असते. गंमत अशी की त्या क्षणी कायदा आपल्या बाजूने असतो. मोटार वाहन कायद्याच्या १७८व्या कलमानुसार भाडं नाकारणं हा गुन्हा आहे. नंबर टिपा, तक्रार करा, दंड होतो. परवाना घेतलास ना बाबा, मग येईल त्याला न्यायचं, इतका साधा हिशोब.

मला हा हिशोब पटतो. तो रिक्षावाल्यापाशीच का संपतो, एवढंच पटत नाही. दिवसाला काही शे रुपये सुटणाऱ्या माणसाचा "नाही" हा गुन्हा, आणि त्याच रस्त्यावरच्या काचेच्या दाराआडून आलेला "नाही" म्हणजे कंपनीचं धोरण. रिक्षावाल्याशी निदान भांडता तरी येतं.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक काकू पोळी-भाजी केंद्र चालवतात. सकाळी अकराला तवा चढतो तो दुपारी तीनलाच उतरतो. फडक्यात गुंडाळलेली पोळ्यांची चळत, दोन सुक्या भाज्या, एक उसळ, बुधवारी आणि शुक्रवारी मागच्या दाराने बोंबलाची चटणी. काउंटरच्या काचेवर क्यूआर कोड चिकटवलेला आणि शेजारी तो बोलणारा डबा, "एकशे ऐंशी रुपये प्राप्त झाले" असं खणखणीत मराठीत सांगणारा. दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी काकूंनी सिलिंडरवाल्याला फोनवरून पैसे पाठवले, ते गेले नाहीत. नेटवर्क नसेल म्हणाल्या. मग वाण्याचे गेले नाहीत. मग मुलीने एटीएमला जाऊन बघितलं, तिथेही तेच. तेव्हा मला हाक मारली, "अगं, जरा बँकेत येतेस का माझ्याबरोबर? मला एकटीला नीट सांगत नाहीत ते."

बँकेतली मुलगी अगदी सौजन्याने वागली, हे सांगायलाच हवं. तिने स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "मावशी, तुमच्या खात्यावर होल्ड आहे."

"का पण?"

"वरून आलंय."

वर म्हणजे कुठे, हे तिलाही माहीत नव्हतं. मॅनेजरांना माहीत होतं, पण अर्धवटच. कुठल्याशा दुसऱ्या राज्याच्या सायबर पोलिसांकडून मेल आली होती. तिथे कोणाची तरी फसवणूक झाली, पैसे या खात्यातून त्या खात्यात फिरले, त्यातल्या एका हाताने आमच्या काकूंकडे जेवणाचे १८० रुपये भरले. जेवला असेल बिचारा, किंवा बिचारा नसेलही. काकू म्हणाल्या, "मग ते एकशे ऐंशी काढून घ्या की." मॅनेजर म्हणाले, "तसं करता येत नाही." पोलिसांना फोन लावला तर तिकडून हिंदीत उत्तर आलं, की आम्ही फक्त त्या रकमेबद्दल कळवलं होतं, पूर्ण खातं बँकेने गोठवलं. बँक म्हणते पोलिसांनी, पोलीस म्हणतात बँकेने.

ही व्यवस्था मुळात चांगल्यासाठी उभी राहिली आहे. फसलेला माणूस १९३० या क्रमांकावर फोन करतो, तक्रार नोंदली जाते, आणि पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले त्या सगळ्या बँकांना ताबडतोब कळवलं जातं. पैसा पळायच्या आत त्याला धरायचं. निवृत्त शिक्षिकेची आयुष्यभराची पुंजी अशी अर्ध्या वाटेत अडवता आली तर कोणाला नको आहे? पण चोराच्या मागे धावताना वाटेतल्या प्रत्येक दाराला कुलूप लावत सुटायचं का? केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशाच प्रकरणात सांगितलं होतं की संशयित रक्कम तेवढीच अडवा, सबंध खातं नको. हे काकूंच्या शाखेत कोणी सांगायचं? मी सांगून बघितलं. "मॅडम, तुमचं बरोबर आहे," असं उत्तर आलं. मुंबईत हे उत्तर आलं की समजायचं, काम होणार नाही.

आणि यातली सगळ्यात क्रूर गोष्ट म्हणजे तो डबा बोलतच राहिला. खात्यातून पैसे निघत नव्हते, पण आत येत होते. गिऱ्हाईक कोड स्कॅन करायचा, डबा आनंदाने ओरडायचा, "दोनशे चाळीस रुपये प्राप्त झाले," आणि काकू तिकडे बघायच्या. मिळाले म्हणजे कुठे मिळाले? दुसऱ्या दिवशी त्यांनी कोडवर कॅलेंडरचं पान चिकटवलं आणि वर मार्करने लिहिलं, फक्त रोख. अर्धी गिऱ्हाइकं तिथूनच वळली. ऑफिसची पोरं रोख बाळगतच नाहीत हल्ली. पीठ उधारीवर, तेल उधारीवर, मदतनीस बाईचा पगार मुलीच्या खात्यातून. होल्ड सुटला तो संक्रांतीच्या आसपास, जसा लागला तसाच, न कळवता. का लागला याचं पत्र आलं नव्हतं, का सुटला याचंही नाही.

आता याच्या शेजारी विजेचं बिल ठेवून बघा. विजेच्या कंपन्यांबद्दल प्रेमाने बोलणारा माणूस मी या शहरात पाहिलेला नाही, पण २००३चा वीज कायदा वाचला की चकित व्हायला होतं. ४३व्या कलमात म्हटलंय की जागेच्या मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला, की वितरण कंपनीने एका महिन्यात वीज दिलीच पाहिजे. "राहणाऱ्याने" हे मला फार आवडतं. भाडेकरूही आला त्यात. आणि ५६वं कलम तर वहीत उतरवून ठेवावं असं आहे. बिल थकलं म्हणून लाइट कापायची असेल तर आधी १५ दिवसांची लेखी नोटीस. बिलच चुकीचं आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरा. भांडणाचा निकाल लागेपर्यंत तुमची लाइट कापता येणार नाही. २०२०च्या जूनमध्ये लॉकडाउननंतरची ती फुगलेली बिलं आली होती, आठवतंय? अर्धी मुंबई तेव्हा फोन लावत बसली होती. पण बिलावर भांडता भांडता पंखा चालू ठेवायची सोय कायद्यात आधीपासून होती.

म्हणजे कंपनीला नकार देताच येत नाही, असं नाही. थकबाकीदाराची लाइट कापली जाते, आणि जावीही. त्याचा भार शेवटी बिल भरणाऱ्यांवरच पडतो. पण कापण्याआधी सांगावं लागतं, लिहून द्यावं लागतं, आणि वाद असेल तोवर थांबावं लागतं. माझं सगळं म्हणणं याच तीन गोष्टींवर येऊन थांबतं. आणि विजेच्या बाबतीत ज्या गोष्टी आपण वीस वर्षांपूर्वी गृहीत धरल्या, त्या बँक खात्याच्या, फोन नंबरच्या, पैसे पाठवायच्या सोयीच्या बाबतीत अजून मागाव्या लागतात. रिझर्व्ह बँकेने २०२५च्या जूनमध्ये केवायसीसाठी, म्हणजे खातेदाराची ओळख ठरावीक मुदतीने पुन्हा तपासण्यासाठी, तसं काहीसं केलंय खरं: मुदत संपण्याआधी किमान तीन वेळा कळवायचं, त्यातलं एकदा तरी पत्राने. पत्राने! कोणीतरी तिथे बसलेल्या माणसाला स्वतःची आई आठवली असणार.

अत्यावश्यक म्हणजे काय, यावर मात्र घोळ आहे. काकू स्वतःही गिऱ्हाइकाला नकार देतात. पलीकडच्या इमारतीतली मुलं डबे परत करायची नाहीत, त्यांचं जेवण त्यांनी बंद केलं. तोंडावर सांगितलं, "माझे चार डबे आधी आणा, मग बघू." त्यावर मी काही आक्षेप घेणार नाही. कन्नमवार नगरात पोळी-भाजीवाल्यांची कमी नाही, मुलं दुसरीकडे जातील. पण बँक? बँकाही पुष्कळ आहेत म्हणाल. काकूंनी समोरच्या बँकेत खातं उघडायचा प्रयत्न केला होता. तिथेही तोच आधार, तोच पॅन, तोच मोबाइल नंबर, आणि "आधीच्या खात्याचं काय झालं?" हा प्रश्न. दारं चार, पण चारही दारांवरचे पहारेकरी एकाच यादीत बघणारे. जिथे एकाचा नकार सगळ्यांचा नकार होतो, तिथे ती सेवा अत्यावश्यक. कायद्याच्या भाषेत हे कितपत बसेल ते वकिलांनी सांगावं.

वकिलांवरून आठवलं. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ला आजच्या १५व्या अनुच्छेदावर चर्चा चालली होती. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव इथे धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणाला अडवता येणार नाही, असं ते कलम. त्यातल्या "दुकान" या शब्दात न्हाव्याचं, परटाचं दुकान येतं का, असं विचारलं गेलं. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण ज्याची दाढी गावातला न्हावी करत नसे त्याला तो किरकोळ नव्हता. बाबासाहेबांनी उत्तर दिलं त्याचा आशय असा, की इथे नुसतं दुकानात पाऊल ठेवायची मुभा अभिप्रेत नाही. सेवेच्या अटी मान्य असतील तर ती सेवा मागता येणं अभिप्रेत आहे. महाडच्या तळ्याचं पाणी १९२७मध्ये ओंजळीत घेतलेल्या माणसाला दाराच्या आत असणं आणि प्रत्यक्ष मिळणं यातला फरक समजावून सांगावा लागत नव्हता. आज प्रत्येक ॲपवर आपण "अटी मान्य" असं बटण दाबतो. अटी मान्य करून झाल्या. सेवा मागायचा हक्क मात्र त्या अटींच्या सतराव्या परिच्छेदात काढून घेतलेला असतो. कंपनी कोणत्याही वेळी, कोणतंही कारण न देता.

अर्थात त्या अनुच्छेदाची धाव जात, धर्म वगैरे पाच कारणांपुरतीच आहे. काकूंना त्यांच्या जातीवरून कोणी अडवलं नाही. त्यांना कोणीच अडवलं नाही, हीच तर पंचाईत.

काकू मूळच्या रायगडच्या. त्यांच्या लहानपणी गावकीने एका घराला वाळीत टाकलं होतं, कसल्याशा जमिनीच्या वादावरून. त्या घरचं दळण गिरणीवाला घेत नसे. पोरं डोक्यावर पीठ घेऊन शेजारच्या गावाहून येताना काकूंनी पाहिली आहेत. बँकेतून परतताना त्या बसमध्ये म्हणाल्या, "तिथे निदान कोणी टाकलं ते तरी माहीत होतं गं. दंड भरून परत घेता यायचं." महाराष्ट्राने यावर २०१६मध्ये कायदा केला, २०१७मध्ये तो लागू झाला, सामाजिक बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. अशा तऱ्हेचा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पंचांना तुरुंगात टाकता येतं. मेलला नाही टाकता येत.

कोणी म्हणेल, मग सगळं सरकारी करून टाका. या शहराने एकदा तेही केलंय. विजेची आणि ट्रामची खासगी कंपनीच १९४७मध्ये महापालिकेने ताब्यात घेतली, तीच आपली बेस्ट. पण सरकारी झालं की नकार संपतो असंही नाही. याच महापालिकेने २०००नंतरच्या झोपड्यांना वर्षानुवर्षं नळजोडणी नाकारली. पाणी हक्क समितीला उच्च न्यायालयात जावं लागलं आणि डिसेंबर २०१४मध्ये न्यायालयाने सांगितलं, की झोपडी बेकायदा असली तरी पाणी नाकारता येणार नाही. अधिकृत घरांइतकं द्या असं नाही, पण काहीच नाही असंही नाही. मला तो निकाल त्याच्या व्यवहारीपणासाठी आवडतो. सगळं किंवा काहीच नाही, याच्या मधली जागा त्याने शोधली. काकूंच्या खात्यातले १८० रुपये अडवून बाकीचे मोकळे ठेवणं, ही तशीच मधली जागा होती.

माझा मामेभाऊ बँकेत आहे, दुसऱ्या एका. त्याच्यापुढे मी हे सगळं ओकले तेव्हा तो चिडला. "तुला काय, लेख लिहायचाय. मी रक्कम मोकळी केली आणि ती खरंच चोराची निघाली, तर चौकशी माझी. खातं बंद ठेवलं म्हणून आजवर कोणाची चौकशी झालेली ऐकलीयस?" नाही ऐकलेली. आणि मला वाटतं त्याने नकळत सगळ्या प्रश्नाचं मूळ सांगून टाकलं. हो म्हणण्याची किंमत आहे, नाही म्हणणं फुकट आहे. रिक्षावाल्याला नाही म्हणण्याचा दंड आहे, म्हणून निदान काही जण तरी हो म्हणतात.

हे फक्त पोळी-भाजीवाल्या काकूंपुरतं आहे असं कोणाला वाटत असेल तर २०२५च्या जुलैमधली गोष्ट आठवा. नायरा एनर्जी ही मुंबईत मुख्यालय असलेली तेल कंपनी, गुजरातेत वाडीनारला वर्षाला दोन कोटी टनांची रिफायनरी, देशभर हजारो पंप. जवळजवळ निम्मा हिस्सा रशियन रोसनेफ्टकडे, म्हणून युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने तिला द्यायच्या सेवा बंद केल्या. भारतात भारतीय कायद्याने काही गुन्हा नाही, पैसे भरलेले, तरी मेल बंद. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिना संपायच्या आत सेवा परत सुरू झाली. तिच्याकडे वकील होते, निकड होती आणि बातम्यांत नाव होतं. रशियन तेलाबद्दल तुमचं मत काहीही असो (माझं फारसं चांगलं नाही), इथल्या माणसाला काय मिळावं आणि काय नाही हे ब्रसेल्समधला कागद वाचून रेडमंडमधल्या कंपनीने ठरवावं, हे मला अस्वस्थ करतं.

न्यायालयं हळूहळू सेवा मिळणं हा हक्क मानण्याकडे सरकताहेत, हे मात्र खरं. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात निकाल दिला. ऑनलाइन केवायसी करताना कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून दाखवा, असं यंत्र सांगतं. ज्यांच्या पापण्याच जळून गेल्या त्यांनी काय मिचकावायचं? न्यायालयाने डिजिटल सेवा मिळणं हा २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि २० निर्देश दिले. पोळ्या लाटून लाटून आणि भांडी घासून बोटांचे ठसे उठेनासे झालेल्या बायका आमच्या इमारतीत किमान तीन आहेत. रेशनच्या यंत्रावर त्या एकेक बोट लावून बघतात, मग खोबरेल तेल लावून बघतात, मग दुकानदार म्हणतो उद्या या. त्यांचं काय, हे त्या निकालातून निघायला हरकत नाही, पण काढायला कोणी जायला हवं.

मामेभावाला मी शेवटी एवढंच विचारलं, की होल्ड टाकताना तुझ्या स्क्रीनवर कारण लिहायची जागा असते का? असते म्हणाला. यादी असते, त्यातून निवडायचं. काय काय असतं यादीत? न्यायालयाचा आदेश, पोलिसांचं पत्र, कागदपत्रं अपुरी, वारसांचा वाद, असं बरंच, आणि सगळ्यात खाली "इतर". बाकी काहीही निवडलं की पुढे पत्राचा क्रमांक, तारीख, रक्कम भरावी लागते. "इतर"ला काही भरावं लागत नाही.

"मग बहुतेक जण काय निवडतात?"

तो हसला.

"तो पर्याय आधी काढून टाका," मी म्हटलं.

"अगं, मग यादी किती लांबेल माहितीये का?"

लांबू दे की.